त्रिनिदादची डालपुरी, पेलाव आणि करी: पुस्तकात न लिहिलेल्या पायऱ्या

प्रश्न असा आहे: कॅरिबियन समुद्रातल्या त्रिनिदाद बेटाचं जेवण फार आवडतं म्हणून पाककृतींचं पुस्तक मागवलं, त्याबरहुकूम केलं; तरी डालपुरी (डाळीचं सारण भरलेली रोटी) लाटताना फुटते, पेलाव (कोंबडी नि तुरीचे दाणे घालून एकाच भांड्यात केलेला भात) गिच्च होतो, आणि करी शेवटी आपल्याच रश्श्यासारखी लागते. पुस्तक चुकीचं घेतलं का? कॅरिबियन घरगुती स्वयंपाकासाठी नेमकी कोणती पुस्तकं घ्यावीत?

पुस्तक बहुधा बरोबर आहे. अडचण अशी की कॅरिबियन घरांतली चांगली पुस्तकं त्याच घरांतल्या माणसांसाठी लिहिलेली आहेत. तिथल्या प्रत्येक हाताला जे येतं ते त्यांत लिहिलेलंच नसतं. 'कोंबडी सीझन करा', 'साखर ब्राउन करा', 'करी शिजवा' असं तीन शब्दांत सांगून कृती पुढे जाते. मराठी स्वयंपाक येणारा माणूस ती मोकळी जागा आपल्या सवयीनं भरतो: फोडणी, कांदा-टोमॅटो, तिखट, मऊ शिजलेली डाळ. चव बिघडते ती नेमकी तिथे. म्हणून आधी पुस्तकांबद्दल थोडक्यात, मग त्या न लिहिलेल्या पायऱ्या.

एकच पुस्तक घ्यायचं असेल तर नापारिमाचं घ्या. त्रिनिदादच्या सान फर्नांडो शहरातल्या नापारिमा गर्ल्स हायस्कूलनं ते १९८८ मध्ये काढलं. पुढे त्याची वाढवलेली, सुधारलेली आवृत्तीही आली. घराघरांतल्या पाककृती गोळा करून झालेलं हे पुस्तक असल्यामुळे त्यात हॉटेलची झिलई नाही. डालपुरी, पेलाव, कलालू, पास्टेल (मक्याच्या पिठात सारण भरून पानात उकडलेला पदार्थ), नाताळचा ब्लॅक केक सगळं एका जागी मिळतं. उणीव एकच, कृती फार आटोपशीर आहेत. गयानासाठी जॉर्जटाउनच्या कार्नेगी स्कूल ऑफ होम इकॉनॉमिक्सचं 'व्हॉट्स कुकिंग इन गयाना' आहे. ते शिकवणाऱ्यांनी लिहिल्यामुळे मापं नेमकी आहेत. पेपरपॉट (मांसाचा गडद रस्सा) आणि कुक-अप राइससाठी (कडधान्य आणि मांस घालून केलेला भात) मी त्यावरच भरवसा ठेवते. क्युबा, हैती, मार्टिनिक अशी सगळी बेटं एकत्र पाहायची असतील तर एलिझाबेथ लँबर्ट ऑर्टिझ यांचा १९७३ चा मोठा ग्रंथ अजूनही उपयोगी पडतो. पण सुरुवात त्यानं करू नका. दहा बेटांचे दहा पदार्थ एकेकदा करून हात बसत नाही. एका बेटाचे पाच पदार्थ पाच-पाच वेळा केले की बसतो.

पुस्तक उघडलं की आधी शब्द नीट लावून घ्या, कारण अर्ध्या चुका तिथेच होतात. त्रिनिदादी कृतीत 'पिमेंटो' म्हणजे लांबट, सुवासिक, जवळपास तिखट नसलेली मिरची. जमैकाच्या कृतीत तोच शब्द ऑलस्पाइस या मिरीसारख्या दिसणाऱ्या, लवंग-दालचिनीच्या वासाच्या मसाल्याच्या दाण्यांसाठी आहे. 'कलालू' त्रिनिदादमध्ये अळूच्या पानांचा घट्ट, घोटलेला पदार्थ. जमैकात कलालू ही पालेभाजीच, आपल्या माठाच्या कुळातली, आणि ती परतून करतात. 'ग्रीन फिग' म्हणजे अंजीर नव्हे, कच्ची केळी. 'मेलाँजीन' म्हणजे वांगं, 'एडो' म्हणजे अळकुड्या, 'झाबोका' म्हणजे अ‍ॅव्होकाडो, आणि 'प्रोव्हिजन' म्हणजे यॅम, रताळी, कसावा असे सगळे कंद. कप २४० मिलिलिटरचा धरा, टेबलस्पून १५ चा, आणि नुसतं 'चमचा' लिहिलंय तिथे छोटा, ५ मिलिलिटरचा. आपली वाटी बहुतेक घरांत दीडशेच्या आसपास असते, तिनं मोजलं की भातातलं पाणी चुकलंच समजा. ओव्हनचं तापमान फॅरेनहाइटमध्ये असतं. ३५० म्हणजे साधारण १७५ सेल्सिअस.

आता पहिली न लिहिलेली गोष्ट: ग्रीन सीझनिंग. मांस, मासे, डाळी, भात सगळ्यांच्या मुळाशी हे हिरवं वाटण असतं. त्याचा जीव आहे शॅडो बेनी. लांब, करवती कडांची ही पानं भारतीय वंशाच्या घरांत 'बंधनिया' म्हणून ओळखली जातात. वास कोथिंबिरीच्या जातीचा, पण कितीतरी उग्र. आपल्याकडे ईशान्य भारतात ती सर्रास खातात, आणि रोपवाटिकांत रोप मिळू शकतं. कुंडी अर्धसावलीत ठेवा आणि मधला तुरा दिसला की खुडा, नाहीतर पानं निबर होतात. साधारण दीड कप वाटणासाठी शॅडो बेनीची १०-१२ पानं, ५० ग्रॅम कोथिंबीर देठांसकट, १०० ग्रॅम कांद्याची पात, लसणीच्या ८-१० पाकळ्या, २ सेंटिमीटर आलं, सेलरीची एक काडी पानांसकट, ताज्या थाइमची एक टेबलस्पून पानं आणि १ चमचा मीठ घ्या. पिमेंटो मिरची मिळणार नाही. पोपटी, कमी तिखट अशा दोन मिरच्या बिया काढून चालतात. थाइमबरोबर पानओव्याची दोन पानं जरूर घाला. ज्याची आपण भजी करतो तोच हा पानओवा, आणि त्रिनिदादमध्ये तो मोठ्या पानांचा थाइम म्हणून याच वाटणात जातो. तेव्हा ही तडजोड नाही, तिथलीच रीत आहे. पाव कप पाण्यात भरड वाटा. गुळगुळीत चटणी झाली तर मांसाला चिकटत नाही, नुसती पाणी सोडते.

शॅडो बेनी मिळालीच नाही तर कोथिंबीर तिप्पट घ्या, पण एक फरक लक्षात ठेवा. कोथिंबिरीचा वास शिजताना उडतो, शॅडो बेनीचा टिकतो. म्हणून अर्धी कोथिंबीर वाटणात आणि अर्धी पदार्थ उतरवताना. हे वाटण फ्रिजमध्ये आठवडाभर राहतं, बर्फाच्या साच्यात गोठवलं तर तीन महिने. तेलात बुडवून ओट्यावर ठेवण्याचा सल्ला कुठे वाचलात तर तो पाळू नका. हवाबंद तेलात कच्ची लसूण बाहेर राहिली तर विषबाधेचा खरा धोका असतो. व्हिनेगर किंवा लिंबू वापरतेवेळी घाला, साठवताना नको, कारण आंबटानं हिरवा रंग शेवाळी पडतो. पुस्तकातलं 'सीझन करा' म्हणजे हे वाटण चोळून ठेवणं: एक किलो मांसाला ३ टेबलस्पून, कमीत कमी दोन तास, शक्य तर रात्रभर.

मिरचीबद्दल दोन शब्द. तिथल्या स्कॉच बॉनेट या जहाल मिरचीचा फळासारखा गंध लवंगी किंवा हिरव्या मिरचीत नाहीच. त्यातल्या त्यात जवळची म्हणजे सिक्कीम-दार्जिलिंगकडची गोल लाल डल्ले खुर्सानी, जी बाटलीत खारवलेली मिळते, धुऊन वापरा. हॅबनेरो मिळाली तर तीच घ्या. पण महत्त्वाची आहे ती पद्धत: मिरची अख्खी, देठासकट वर तरंगत ठेवायची आणि न फोडता शेवटी काढून टाकायची. तशी ती गंध देते, तिखटपणा बेताचा ठेवते. झाकण घातल्यावर भांडं ढवळताना ती फुटली की घरातली मुलं जेवू शकत नाहीत, त्यामुळे झाकण घातल्यापासून झाऱ्यानं नव्हे, भांडं हलवून ढवळा.

दुसरी गोष्ट म्हणजे ब्राउनिंग, साखर जाळणे. स्ट्यू चिकन (याच रंगातला कोंबडीचा रस्सा) आणि पेलाव दोन्ही यावर उभे आहेत, आणि लोक सगळ्यात जास्त घाबरतात तेही इथेच. एक किलो कोंबडीसाठी जाड बुडाच्या कढईत २ टेबलस्पून तेल मध्यम-मोठ्या आचेवर तापवा, त्यात ३ टेबलस्पून ब्राउन साखर सारखी पसरा. आधी ती विरघळते, मग मधासारखी होते, मग फेस येऊन सगळी फुगते. या टप्प्यावर मन म्हणतं बास, आणि तिथेच थांबलात तर पदार्थ गोड आणि फिका होतो. आणखी अर्धा-एक मिनिट थांबा: फेस गडद चॉकलेटी होतो, कडेला काळपट रेघ दिसते, पांढरा धूर नुकताच सुटू लागतो. त्याच क्षणी कोंबडी आत. आता साखरेचा गोडवा जवळपास जळून गेलेला असतो, आणि उरतो रंग आणि थोडा कडवट खमंगपणा. दहा सेकंद उशीर झाला आणि मिश्रण काळं, स्थिर, जळका वास येणारं झालं तर ते टाकून द्या आणि भांडं धुऊन पुन्हा करा. तीन टेबलस्पून साखर वाचवण्यासाठी एक किलो कोंबडी कडू करण्यात अर्थ नाही.

कोंबडी आधी चाळणीत निथळून घ्या. वाटणाचं पाणी बाजूला ठेवून नंतर वापरा. ओली कोंबडी टाकली की उडतं, भाजतं, आणि साखरेचे कडक गोळे होतात. गोळे झाले तरी घाबरू नका, कोंबडीनं पाणी सोडल्यावर ते विरघळतात. सगळे तुकडे पहिल्या मिनिटातच उलटेपालटे करा, म्हणजे रंग सारखा चढतो. गुळानं हे करू नका. गुळात साखरेखेरीज बरंच काही असतं, ते आधी करपतं आणि रंग येण्यापूर्वीच कडवटपणा येतो. नॉनस्टिक तवाही नको: रंग नीट दिसत नाही, शिवाय इतक्या उष्णतेसाठी तो लेप नसतोच.

पेलाव याच कढईत पुढे सरकतो. कोंबडी दहा मिनिटं, स्वतःचं पाणी सुटून आटत येईपर्यंत परता. त्यात एक चिरलेला कांदा, एक किसलेलं गाजर, कपभर लाल भोपळ्याच्या फोडी आणि एक कप तुरीचे दाणे घाला. इथे मराठी वाचकाचं नशीब जोरावर आहे. परदेशात लोक डब्यातले हिरवे तुरीचे दाणे शोधत फिरतात, आणि विदर्भ-खानदेशात हिवाळ्यात तुरीच्या ओल्या शेंगा बाजारात येतात. सोले दहा मिनिटं उकडून घ्या, बाकी काही नको. हंगाम नसेल तर अख्खी तूर रात्रभर भिजवून कुकरला दोन-तीन शिट्ट्या. डाळ मात्र कधीच नको, ती विरघळते.

तांदूळ २ कप, म्हणजे ४०० ग्रॅम, आणि पेलाव गिच्च होण्याचं कारण बहुतेक वेळा इथेच असतं. कॅरिबियन पुस्तकात 'राइस' म्हटलं की तो लांब दाण्याचा, उकडून वाळवलेला तांदूळ असतो. आपल्याकडचा त्याला जवळचा म्हणजे सेला. कोकणातला जाड उकडा घेतलात तर पाणी आणि वेळ दोन्ही जास्त लागतील आणि तोवर कोंबडी तुटून जाईल. आंबेमोहोर-इंद्रायणी घेतलात तर लापशी. सेला धुऊन निथळून तीन मिनिटं परता, मग १ कप नारळाचं दूध आणि अडीच कप गरम पाणी, दीड चमचा मीठ, थाइमच्या दोन काड्या, वर अख्खी मिरची. उकळी आली की झाकण, अगदी मंद आच, २५ ते ३० मिनिटं. शेवटी चमचाभर लोणी आणि झाकून दहा मिनिटं विश्रांती. काही घरांत पेलाव मोकळा करतात, काही घरांत ओलसर, दोन्ही बरोबर. ओलसर हवा असेल तर पाणी अर्धा कप वाढवा, तांदूळ बदलू नका. खाताना बाजूला कोबी-गाजराची कच्ची कोशिंबीर किंवा झाबोकाची फोड असते.

करीचा प्रश्न वेगळा आहे, आणि तिथे थोडा इतिहास कामाचा आहे. ३० मे १८४५ रोजी 'फतेल रझाक' जहाज त्रिनिदादला लागलं. १९१७ पर्यंत सुमारे १ लाख ४४ हजार माणसं करारावर तिथे नेली गेली. त्यांतली बहुतेक कलकत्ता बंदरातून गेलेली, भोजपुरी-अवधी मुलखातली. म्हणून तिथले शब्द चोखा, तवा, दाल, भाजी, गीरा असे आहेत, आणि जिऱ्याला गीरा म्हणणारी माणसं आपल्या काळ्या किंवा गोड्या मसाल्याच्या वाऱ्यालाही उभी राहिलेली नाहीत. त्यांची करी वाचताना मनातून महाराष्ट्र बाजूला ठेवा. लाल तिखट नाही, टोमॅटो नाही, भाजलेलं खोबरं नाही, हिंग नाही, कांद्याचा पाया नाही.

करी पावडर तिथून आणलेली मिळाली तर चांगलंच, नाहीतर घरी करा: ४ टेबलस्पून धने, १ टेबलस्पून जिरे, मेथी, मिरी, मोहरी आणि बडीशेप प्रत्येकी १ चमचा मंद भाजून बारीक दळा, त्यात २ टेबलस्पून हळद मिसळा. हळदीचं हे प्रमाण जास्त वाटेल, पण तेच बरोबर आहे. बोकडाच्या एक किलो मटणाला यातली ३ टेबलस्पून लागते. पावडर कोरडी तेलात टाकायची नाही. अर्धा कप पाण्यात एक चमचा ग्रीन सीझनिंगसह कालवून पातळ करून घ्या. ३ टेबलस्पून तेलात चार ठेचलेल्या लसूणपाकळ्या सोनेरी करा आणि हे कालवण ओता. आधी पाणी उकळतं, त्यात मसाला न करपता शिजतो. पाणी संपलं की तो तेलात परतला जातो. तीन-चार मिनिटांत घट्ट, वाळूसारखा रवाळ होतो, कडेनं तेल सुटतं, कच्च्या हळदीचा वास जातो. पुस्तकातल्या 'करी शिजवा' या शब्दांत एवढं सगळं दडलेलं आहे. घाई केलीत तर मातकट चव शेवटपर्यंत जात नाही, मग कितीही उकळा.

आता सीझन केलेलं मटण घाला आणि पाणी अजिबात घालू नका. ते स्वतःचं पाणी सोडेल. झाकून, अधूनमधून हलवत, ते पाणी पूर्ण आटेपर्यंत आणि मांस मसाल्यात चटचट भाजलं जाईपर्यंत थांबा, साधारण २५ मिनिटं. याला तिथे 'भुंजे' म्हणतात. आपलं 'भाजणं' नि भोजपुरी 'भूंजना' एकाच कुळातले. मगच उकळतं पाणी, मांस बुडेल इतकंच. गार पाणी घातलं तर चढलेलं तापमान उतरतं आणि मांस आखडतं. झाकून तासभर, किंवा कुकरला चार शिट्ट्या. कुकर वापरायला हरकत नाही, पण भुंजून झाल्यावरच. सगळं एकदम कुकरमध्ये टाकलं तर उकडलेलं मटण पिवळ्या पाण्यात मिळेल. उतरवताना एक चमचा गीरा, म्हणजे गडद भाजलेल्या जिऱ्याची ताजी पूड. आपण जिरे गुलाबी भाजतो, ते कॉफीच्या रंगावर नेतात. ही शेवटची चिमूट नसेल तर करी त्रिनिदादची लागत नाही.

डालपुरी. पुरणपोळी येणाऱ्या हातांना ही सहज यावी असं वाटतं, आणि नेमकी त्याच हातांची ती फुटते. पुरण मऊ, एकजीव, गुळानं चिकट झालेलं असतं. ते कणकेबरोबर पसरतं. डालपुरीचं सारण कोरड्या रव्यासारखं सुटं असलं पाहिजे, दोन पापुद्र्यांच्या मध्ये पिठासारखं घरंगळत जाणारं. ओलं सारण एका जागी गोळा होतं, तिथे पापुद्रा ताणला जातो आणि वाफ त्याला फाडते.

डाळही हरभऱ्याची नव्हे, पिवळ्या वाटाण्याची. २५० ग्रॅम डाळ दोन तास भिजवा आणि उघड्या पातेल्यात भरपूर पाणी, अर्धा चमचा हळद आणि मीठ घालून १५ ते १८ मिनिटं उकळा. कुकर इथे पूर्ण वर्ज्य. दाणा बोटांत दाबला की चुरडला पाहिजे, पण मध्ये कणभर कणी लागली पाहिजे. लगेच चाळणीत ओता, कापडावर अर्धा तास पसरून कोरडी करा. मग लसणीच्या ४ पाकळ्या, १ चमचा गीरा आणि आवडीनुसार मिरचीसह मिक्सरमध्ये थोडी थोडी, थांबत थांबत फिरवा. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा आणि बोट लावताच मोडावा. पेस्ट झाली असेल तर कढईत मंद आचेवर पाच मिनिटं परतून पाणी उडवा. फार ओली असेल तर तिची आमटी करा आणि डाळ नव्यानं लावा.

पीठ: ५०० ग्रॅम मैदा, २ चमचे बेकिंग पावडर, १ चमचा मीठ, १ टेबलस्पून तेल, ३०० मिलिलिटर कोमट पाणी. पोळीच्या कणकेपेक्षा सैल, बोटांना किंचित चिकटणारं. अर्धा तास झाकून ठेवा. आठ गोळे करा, प्रत्येकात ५५-६० ग्रॅम सारण दाबून भरा आणि तोंड नीट मिटा. भरलेले गोळे पुन्हा वीस मिनिटं झाकून ठेवायचे, आणि ही पायरी कोणीही गाळू नये. नुकतंच ताणलेलं पीठ लाटताना मागे खेचतं, आपण जोर लावतो आणि फुटतं. विश्रांती मिळालेलं पीठ नुसत्या लाटण्याच्या वजनानं पसरतं. तोंडाची बाजू खाली ठेवून मधून कडेकडे लाटा, २८ सेंटिमीटरपर्यंत. तवा चांगला तापलेला हवा: पहिली बाजू तीस सेकंद, उलटा, तेल लावा, उलटा, तेल लावा, टम्म फुगली की उतरवा. एकूण दोन मिनिटांच्या आत. कडक डालपुरीची कारणं तीनच, पीठ घट्ट, तवा थंड, किंवा तव्यावर मुक्काम लांबलेला. तपकिरी डाग पडेपर्यंत भाजायची सवय इथे सोडा. उतरवताच जाड कापडात गुंडाळा. वाफेनं ती रुमालासारखी घडी होते आणि दुसऱ्या दिवशीही मऊ राहते.

दुसरी प्रसिद्ध रोटी 'बस अप शट', म्हणजे फाटलेल्या सदऱ्यासारखी. ती सारणाविना: तूप-तेल लावून शंकूसारखी गुंडाळलेली पदरांची रोटी, तव्यावरच दोन लाकडी उलथन्यांनी ठोकून चिंध्या करायची. पीठ वरचंच चालतं. ठोकायचं ती गरम आणि ओलसर असतानाच, गार झाल्यावर नुसता चुरा होतो.

वांग्याचा चोखा लगेच जमेल. भरताचं वांगं, पण भाजण्याआधी चिरा देऊन त्यात लसणीच्या सहा-सात पाकळ्या खुपसा. सोलून घोटल्यावर वर बारीक चिरलेला कच्चा कांदा ठेवा आणि त्यावर २ टेबलस्पून कडकडीत तेल ओता. याला 'चुंके' म्हणतात. मोहरी-हिंग मनात आलं तरी घालू नका.

कलालूसाठी १५ अळूची पानं, १० भेंड्या, २०० ग्रॅम लाल भोपळा, एक कांदा, २ टेबलस्पून ग्रीन सीझनिंग, दीड कप नारळाचं दूध, एक कप पाणी, अख्खी मिरची. खेकडा असला तर तोडून त्याचे डांगे. अळूच्या देठाकडच्या जाड शिरा काढा. घशाला खवखवतं ते पानातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांमुळे. आपण अळूत चिंच किंवा आमसूल घालतो, कलालूत आंबट काहीच नसतं, त्यामुळे सगळा भार शिजण्यावर. वड्यांचं किंवा भाजीचं ओळखीचं अळूच घ्या, मंद आचेवर ४० मिनिटं तरी शिजवा आणि तोवर चाखू नका. मग मिरची आणि डांगे बाहेर काढून घोटा. तिथे यासाठी लाकडी स्विझल स्टिक असते. आपली रवी हुबेहूब तेच काम करते. मिक्सर लावलात तर भेंडीचा चिकटपणा हवेसह फुगून सगळं फेसाळ आणि लांबलांब तारांचं होतं. रवीनं दहा-बारा वेळा, पानांचे बारीक तुकडे दिसत राहतील इतकंच.

जमैकाच्या जर्कबद्दल, म्हणजे मसाला चोळून धुरावर भाजलेल्या मांसाबद्दल, थोडंच सांगते, कारण तो वेगळा विषय आहे. त्याचा कणा ऑलस्पाइस: एक किलो कोंबडीच्या तंगड्यांना दीड टेबलस्पून दाणे ताजे कुटून. बाजारात कबाबचिनी याच नावाखाली ऑलस्पाइस विकतात, पण खरी कबाबचिनी म्हणजे शेपटीवाली मिरी, तिची चव निराळी. दाण्याला शेपटी दिसली तर परत करा. कोकणात सर्वसुगंधी नावानं हेच झाड लावतात. त्याची दोन-चार पानं निखाऱ्यावर टाकलीत तर पिमेंटोच्या लाकडाच्या धुराची थोडी झाक येते.

पेय म्हणून सॉरेल करा. ही लाल अंबाडीची बोंडं, विदर्भात ज्यांची चटणी आणि सरबत होतं तीच. ५० ग्रॅम वाळलेल्या पाकळ्या, ३० ग्रॅम ठेचलेलं आलं, ५ लवंगा आणि संत्र्याच्या सालीची एक पट्टी दीड लिटर पाण्यात पाच मिनिटं उकळून रात्रभर झाकून ठेवा. सकाळी गाळून २०० ग्रॅम साखर. भांडं स्टीलचं किंवा काचेचं घ्या, अ‍ॅल्युमिनियमला आम्ल लागून रंग आणि चव दोन्ही बिघडतात. साल कापताना पांढरा भाग येऊ देऊ नका, रात्रभरात तो कडू उतरतो.

क्रम विचाराल तर पहिल्या आठवड्यात ग्रीन सीझनिंग करून ठेवा आणि फक्त स्ट्यू चिकन करा, साखरेचा रंग डोळ्यांना कळेपर्यंत. मग पेलाव, मग करी. डालपुरी सुट्टीच्या दिवशी घ्या, डाळ आदल्या रात्री दळून फ्रिजमध्ये ठेवा. गार सारण आणखी सुटं होतं आणि लाटायला सोपं जातं.